कितीताई आणि कृती क्रमांक एकशे बारा

प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या विद्यार्थ्याची अशी समजूत असते की तेथील सर्व ज्ञान छापील आहे. ही समजूत साधारण चार दिवस टिकते. पाचव्या दिवशी शोधनिबंधात दिल्याबरहुकूम सारे करूनही परीक्षानळीत नुसते गढूळ पाणी उरते, आणि मग तो विद्यार्थी मान खाली घालून खिडकीजवळच्या तिसऱ्या टेबलाकडे जातो.

जीवशास्त्र विभागाच्या त्या तिसऱ्या टेबलाशी एकतीस वर्षे ज्या सहायिका बसत आल्या, त्यांना सारे कितीताई म्हणत. हे नाव त्यांनी मेहनतीने कमावले होते.

"ताई, मी थोडंसं मीठ घातलं आणि मिश्रण जरा हलवलं."

"थोडंसं म्हणजे किती?"

"अंदाजे."

"कोणाच्या अंदाजे? तुझ्या की तुझ्या आजोबांच्या?"

विद्यार्थी हिरमुसत, पण पुढच्या खेपेस मीठ मोजून आणत. ताईंच्या हातून झालेले काम आजवर चाळीस शोधनिबंधांत गेले होते. त्यांपैकी चार निबंधांच्या अखेरीस 'तांत्रिक कर्मचाऱ्यांचे' सामुदायिक आभार मानलेले होते. उरलेल्या छत्तिसांत तेवढेही नव्हते. ताईंनी याची तक्रार कधी केली नाही. तक्रार करणाऱ्याचेही नाव कोठेतरी नोंदलेले असावे लागते.

ज्ञान हे सर्वांचे असते, असे आपण व्याख्यानांतून सांगतो. प्रत्यक्षात ते पुष्कळदा एकाच माणसाच्या मनगटात असते आणि तो माणूस रजेवर गेला की विभाग बंद पडतो. ताईंच्या बाबतीत याचे प्रत्यंतर दूरध्वनीवरून येई. पदवी घेऊन दूरदूरच्या प्रयोगशाळांत गेलेले विद्यार्थी जेवणाच्या सुट्टीत त्यांना गाठत. कोणाच्या पेशी मरत, कोणाचे प्रथिन साकळे. ताई एका हातात पोळीचा घास धरून दुसऱ्या हाताने हवेत पिपेट चालवत समजावून सांगत. पलीकडच्या माणसाला तो हात दिसत नसे, ही गोष्ट त्यांच्या लक्षात यायला बरीच वर्षे लागली.

असाच एकदा फोन आला तो पळपुट्याचा. हा पळपुट्या एके काळी याच विभागात होता. सहा महिने खपूनही त्याची गुणसूत्रे काचपट्टीवर कधी पसरली नाहीत. दर वेळी धुण्याच्या बोचक्यासारखी एका जागी गोळा होऊन बसत. अखेर त्याने जीवशास्त्राला रामराम ठोकला आणि संगणकाच्या धंद्यात शिरला. तेथे त्याचे बरे चालले होते. पण हरलेल्या माणसाचे मन जुन्या आखाड्याभोवती घोटाळत राहतेच.

"ताई, तुमचे हे सगळे फोन एका जागी लिहून ठेवले तर?"

"लिहायला मला वेळ कुठाय? निम्मा दिवस फोनवर जातो."

"म्हणूनच म्हणतोय."

यातून जे संकेतस्थळ उभे राहिले त्याला विभागप्रमुख मॅडमनी कृतिकोश असे नाव दिले. जगातल्या कोणत्याही जीवशास्त्रज्ञाने आपली कामाची कृती, म्हणजे एखादे काम पायरी-पायरीने करण्याची रीत, तेथे लिहावी, इतरांनी ती करून पाहावी आणि खाली दोनपैकी एक बटण दाबावे: 'जमलं' किंवा 'जमलं नाही'. लिहिणाराचे नाव पानाच्या माथ्यावर यावे, मग तो प्राध्यापक असो वा काचसामान धुणारा. आरंभी विभागाच्या जुन्या वह्यांतल्या तीस कृती होत्या. दोन वर्षांत त्या नऊशेवर गेल्या.

नियम तीनच होते, आणि तिन्ही ताईंचे. पहिला, 'थोडे', 'जरा', 'अंदाजे' हे शब्द वर्ज्य. दुसरा, 'रात्रभर ठेवा' असे कोणी लिहिल्यास तास विचारावेत, कारण एका ठिकाणची रात्र नऊ तासांची निघाली होती आणि दुसऱ्या ठिकाणची सोळा तासांची. सोळा तासांवाले गृहस्थ सुट्टीच्या दिवशी उशिरा येत. तिसऱ्या नियमावरून मात्र वाद झाला. ज्या कृतीला सहा वेगवेगळ्या प्रयोगशाळांकडून नकार येतील आणि त्यानंतरच्या महिन्याभरात त्या सहांपैकी एकीलाही ती जमणार नाही, ती कृती लेखकाच्या नावासकट काढून टाकायची.

"सहा फार कमी होतात, ताई. बारा ठेवू," मॅडम म्हणाल्या.

"सहा जणांचा वेळ फुकट गेल्यावर सातव्याचा कशाला घालवायचा?"

सहा हा आकडा कायम झाला.

'हलक्या हाताने हलवा' या तीन शब्दांवर तर अडीच महिने चर्चा चालली. कोणा हळव्या माणसाने सुचवले की झोपलेल्या बाळाला कुशीवर वळवावे तसे. ताईंनी ते खोडले आणि शेजारी लिहिले: "बाळ कोणाचे? आमच्या वन्सं बाळाला वळवायच्या तेव्हा पाळणा भिंतीला लागायचा." शेवटी ठरले की नळी एका मिनिटात दहा वेळा उलटीसुलटी करावी. ज्यांची बाळे झोपत नव्हती त्यांचीही सोय झाली.

अशा या कोशात कृती क्रमांक एकशे बारा ताईंची स्वतःची होती. पेशी पातळ क्षारद्रवात फुगवायच्या, मिथेनॉल आणि ॲसेटिक आम्लात मुरवायच्या, मग वीतभर उंचीवरून त्या द्रावाचा एकेक थेंब काचपट्टीवर सोडायचा. थेंब वाळता वाळता पेशी फुटते आणि आतली गुणसूत्रे पत्त्यांसारखी सुटी सुटी पसरतात. मग ती मोजता येतात. या कामात ताईंचा हात धरणारे कोणी नव्हते. त्यांनी थेंबाची उंची मोजपट्टीने मोजून लिहिली होती, पिपेटचा कोन लिहिला होता, काचपट्टी किती सेकंद पुसावी हेसुद्धा लिहिले होते. माथ्यावर त्यांचे संपूर्ण नाव होते, वडिलांचे आणि सासरचे धरून. एकतीस वर्षांत ते छापील अक्षरांत असे प्रथमच दिसले होते. त्या दिवशी त्यांनी ते पान संगणकावर तीनदा उघडले आणि तिन्ही वेळा काहीतरी तपासायचे आहे असा चेहरा केला.

पहिला नकार तिसऱ्या आठवड्यात आला. ताई म्हणाल्या, घाई केली असेल. दुसऱ्या नकारावर त्यांनी थेंबाची उंची पुन्हा मोजून पाहिली. सहावा एका दूरच्या संस्थेतील वरिष्ठ संशोधकाचा होता आणि त्याखाली एकच ओळ होती: "दिल्याप्रमाणे केले असता असे होतच नाही."

मुदतीचा महिना सुरू झाला. मॅडमनी मुदत वाढवण्याची तयारी दाखवली.

"नियम कोणाचा?" ताईंनी विचारले.

"तुमचाच. म्हणून तर म्हणते, तुम्ही बदलू शकता."

"माझाच आहे म्हणूनच नाही बदलता येत, मॅडम. उद्या दुसऱ्या कोणाचं पान काढताना मी कुठल्या तोंडानं काढू?"

त्यांचे म्हणणे खरे होते आणि त्यामुळे कोणाचेच समाधान झाले नाही. पळपुट्याने एक उपाय काढला. ताईंच्या कामाचे चित्रीकरण करायचे, पानावर ठेवायचे. मग सहाही जणांना आपले काय चुकते ते दिसेल. ठरलेल्या सकाळी तो कॅमेरा घेऊन आला. ताई इस्त्रीचा पांढरा कोट घालून, केस चापून बसवून आणि ओठ घट्ट मिटून टेबलाशी बसल्या. साऱ्या जगासमोर बसायचे तर माणसाने शिस्तीत बसावे, एवढाच त्यांचा हेतू होता. त्यांनी आठ काचपट्ट्यांवर थेंब सोडले. हात नेहमीसारखाच स्थिर होता.

सूक्ष्मदर्शकाखाली आठही पट्ट्यांवर बोचकी होती.

पळपुट्याने कॅमेरा हळूच बंद केला. ही बोचकी त्याच्या पूर्वपरिचयाची होती. ताईंनी पुन्हा एकदा भिंगातून पाहिले, मग चष्मा काढून पाहिले, जणू चूक चष्म्याची असावी.

"वय झालं," एवढेच त्या म्हणाल्या आणि पट्ट्या धुवायला घेतल्या.

घरी त्यांच्या थोरल्या नणंदबाई होत्या. ताईंचे यजमान फिरतीच्या नोकरीत असल्याने महिन्यातले सव्वीस दिवस घरात या दोघींचेच राज्य असे, आणि एका म्यानात दोन तलवारी तीस वर्षे कशा राहू शकतात याचा तो एक अभ्यासण्याजोगा नमुना होता. नणंदबाईंनी सारी नोकरी दूरध्वनी केंद्रात, कानाला यंत्र लावून केली होती. निवृत्तीनंतरही त्यांना जग कानांनीच कळे. दूरचित्रवाणीकडे पाठ करून त्या विणकाम करत आणि तरीही कोण कोणाशी खोटे बोलले हे अचूक सांगत.

ताईंनी पळपुट्याने पाठवलेले चित्रीकरण लावले. नणंदबाई खिडकीतल्या आरामखुर्चीवर बसून टाके मोजत होत्या.

"आवाज कुठाय?" त्यांनी वर न पाहता विचारले.

"मोठाच आहे की, वन्सं. पंख्याचासुद्धा ऐकू येतोय."

"पंख्याचा नव्हे, तुझा. काम तू करतेयस ना यात?"

"मग आणखी कोण?"

"वहिनी, तीस वर्षं मी तुला ओळखते. तू भाजी निवडतेस तेव्हा भाजीशी भांडतेस. सुईत दोरा ओवताना सुईला बोल लावतेस. आणि इथे पाच मिनिटं चिडीचूप? ही तू नव्हेसच. ही तुझी कोणीतरी सालस बहीण दिसते."

"चार लोक बघणार. त्यांच्यासमोर बडबड करू की काय?"

"करू नकोस. पण मग काम बिघडलं तर हाताला दोष देऊ नकोस. हाताचं एकट्याचं काम कधी होतं ते?"

हा टोमणा होता. संशोधन करण्याचा नणंदबाईंचा कोणताही इरादा नव्हता. ताईंनी तो नेहमीप्रमाणे कानाआड केला आणि दुसऱ्या दिवशी, कामावर निघताना, तो कानाआडून परत आला. त्या प्रत्येक काचपट्टीशी बोलत असत, हे खरेच होते. थेंब सोडण्यापूर्वी आणि सोडल्यावर वीतभर अंतरावरून, पट्टीकडे वाकून. थेंब पडला की पसरेपर्यंत त्याला दटावायचे, हा त्यांचा क्रम इतका जुना होता की तो क्रम आहे हेच त्या विसरल्या होत्या. कृती लिहिताना त्यांनी दोन्ही हातांची झडती घेतली होती. तोंडाची घ्यावी हे सुचले नव्हते.

माणूस बोलतो तेव्हा उबदार, दमट हवा बाहेर पडते. दमट हवेत थेंब सावकाश वाळतो. मॅडमना हे सांगितल्यावर त्यांनी कपाटातून आर्द्रतामापक काढला.

त्यांनी चाळीस पट्ट्या केल्या. दहांवर ताई नेहमीसारख्या बोलल्या. दहांवर तोंड मिटून बसल्या; हे दहा त्यांना सर्वांत कठीण गेले. दहांवर मुखपट्टी बांधून बोलल्या. शेवटच्या दहांच्या वेळी गप्प राहून पट्टीखाली कोमट पाण्याची थाळी ठेवली. कोणती पट्टी कोणत्या गटातली हे न कळता मॅडमनी मोजणी केली. बोललेल्या दहांपैकी नवांवर गुणसूत्रे पसरली होती, मुकेपणातल्या दहांपैकी एकीवर, मुखपट्टीतल्या दोहोंवर आणि पाण्याच्या थाळीवरच्या आठांवर. खोलीत आर्द्रता तीस टक्के होती; ताई बोलत असताना पट्टीपाशी ती पंचावन्नावर चढे.

"म्हणजे विभागात हे सगळ्यांना जमायचं ते…" मॅडम म्हणाल्या.

"माझ्याजवळ शिकलेले सगळे पुटपुटतात," ताई म्हणाल्या. "मला वाटायचं, माझी नक्कल करतात."

पळपुट्या कोपऱ्यात उभा होता. "मी नाही पुटपुटायचो," तो हळू आवाजात म्हणाला.

"तू लाजाळू होतास रे. सहा महिन्यांत तुझ्या तोंडून सहा शब्द नसतील निघाले."

"म्हणजे माझं करिअर वाफेअभावी गेलं?"

"तुझं करिअर गेलं म्हणून हा कोश झाला. जरा बस, पाणी पी."

चाचणीच्या वेळी पळपुट्याने ध्वनिमुद्रणही केले होते, आणि ताईंनी ते भोळेपणाने घरी लावले. खोलीत त्यांचाच आवाज घुमू लागला. "सरका जरा. सगळ्यांनी एकाच कोपऱ्यात काय बसायचं? खिडकीतली जागा काय जन्माला लिहून दिलीय? दुसऱ्याचाही जीव आहे. पाय आवर, पाय आवर, चालणाऱ्याला लागतात."

नणंदबाईंच्या सुया थांबल्या.

"हे कोणाला उद्देशून?"

"गुणसूत्रांना."

"त्यांना पाय असतात वाटतं."

"लांब भुजा असतात, वन्सं. शास्त्रात तसंच म्हणतात."

"आणि ती खिडकीत बसतात." नणंदबाईंनी खुर्ची हातभर मागे सरकवली आणि विणकाम पुन्हा हाती घेतले. "तीस वर्षं विज्ञानाची सेवा चाललीय म्हणायची, माझ्या जिवावर."

पुढचा प्रश्न अधिक गंभीर होता. कृती सुधारायची ती कशी? मॅडमनी मजकूर करून आणला होता. तो नेटका होता: काचपट्टीपाशी आर्द्रता पंचावन्न टक्के ठेवावी, त्यासाठी कोमट पाण्याची थाळी वापरावी, मिथेनॉलची वाफ श्वासात जाऊ नये म्हणून तोंड दूर ठेवावे.

"यात पुटपुटण्याचं नाही," ताई म्हणाल्या.

"ते कशाला, ताई? पायरी बरोबर आहे ना? लोक हसतील. तुमचं नाव आहे वर."

"नाव आहे म्हणूनच. त्या सहा जणांनी मी लिहिलं तसंच केलं, अक्षर न् अक्षर. त्यांचे आठवडे गेले. मी मनात म्हणत होते, यांना हात नाही. आता नुसतं पंचावन्न टक्के लिहिलं, तर वाचणाऱ्याला वाटेल मला आधीपासून माहीत होतं आणि लिहायचं राहिलं. मला माहीतच नव्हतं. ते त्यांना कळायला नको?"

"नकार तरी पुसू या. सुधारित कृतीला जुने नकार लागू नाहीत."

"नकार बरोबर होते, मॅडम. बरोबर असलेलं कसं पुसायचं?"

आपली चूक कबूल करणे हा मोठेपणा मानण्याची रीत आहे. ताईंना त्यात मोठेपणा दिसत नव्हता. त्यांच्या लेखी ती मोजमापाची बाब होती. एखाद्या पायरीची माहिती कोठून आली हे न लिहिणे म्हणजे 'थोडे' लिहिण्यासारखेच. त्यांनी मॅडमच्या मजकुराखाली स्वतःच्या हाताने भर घातली: "ही पायरी पूर्वी लिहिली नव्हती, कारण ती मी करते हे मला ठाऊक नव्हते. मी काचपट्टीशी बोलत असे. बारा सेकंद, वीतभर अंतरावरून. काय बोलावे याने फरक पडत नाही. ही गोष्ट माझ्या नणंदेने ऐकून ओळखली. वरील सहाही नकार योग्य आहेत, चूक लेखिकेची."

मजकूर चढला तेव्हा मुदतीचे नऊ दिवस उरले होते. सहाही प्रयोगशाळांना पत्रे गेली. कोशात चेष्टेला ऊत आला. काचपट्टीशी बोलताना अहोजाहो करावे की अरेतुरे, असे कोणी विचारले. एकाने कळवले की मी अबोल स्वभावाचा असल्याने तेरापासून एकोणीसपर्यंतचे पाढे म्हटले आणि ते चालले. परंतु तो सहांपैकी नव्हता. त्याचा 'जमलं' नियमात बसत नव्हता. ताई रोज सकाळी पान उघडत, सहाच्या आकड्याकडे पाहत आणि काचसामान धुवायला जात.

मुदतीच्या आदल्या दिवशी, दुपारी, ज्या वरिष्ठ संशोधकाने 'असे होतच नाही' म्हणून लिहिले होते, त्याची नोंद आली. पळपुट्याने ती मोठ्याने वाचून दाखवली.

"जमलं. वीसपैकी सतरा. आणखी एक गोष्ट नोंदवणे आवश्यक वाटते. आमच्याकडे पूर्वी हे काम एक सहायक करत असत आणि त्यांना ते नेहमी साधत असे. ते काम करताना गात. दीड वर्षापूर्वी मी त्यांना प्रयोगशाळेत गाण्यास मनाई केली. त्यानंतर गुणसूत्रे पसरणे थांबले. आम्ही रसायने बदलली, पुरवठादार बदलला आणि अखेरीस त्या सहायकांना भांडारात हलवले. काल मी भांडारात जाऊन त्यांची क्षमा मागितली. ते उद्यापासून परत येत आहेत."

पान बचावले होते. पळपुट्याने टेबलावर थाप मारली, मॅडमनी चष्मा पुसला. ताई मात्र पडद्याकडे बघत राहिल्या. दीड वर्ष एक माणूस भांडारात खोकी मोजत बसला होता, आणि तेथे जाताना बहुधा आपले वय झाले असेच म्हणत गेला असेल.

"उत्तर लिहायचंय," त्या पळपुट्याला म्हणाल्या. "सरक जरा."

त्यांनी एका बोटाने, अक्षरे शोधत, दोन वाक्ये लिहिली. आभाराचे वाक्य त्यांत नव्हते. "त्या सहायकांचे संपूर्ण नाव काय आहे? पानाच्या माथ्यावर घालायचे आहे."

नाव तासाभराने आले. ते लांबलचक होते. ताईंनी ते आपल्या नावाशेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत बसवून घेतले आणि त्यासाठी पळपुट्याला माथ्याची चौकट थोडी रुंद करावी लागली.

"किती रुंद करू?" त्याने विचारले.

"मावेल इतकी," ताई म्हणाल्या, आणि हा शब्द कोशाच्या नियमात बसतो की नाही यावर ते दोघे पुढची दहा मिनिटे वाद घालत बसले.